निळा पटका

धाकट्याचे केस तो सहा वर्षांचा होईपर्यंत कापलेले नव्हते, आणि त्याला कारण मी. तो जन्मला तेव्हा जेमतेम दीड किलोचा होता. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर काही नीट बोलेनात, तेव्हा मीच तुळजापूरच्या आईशी परस्पर बोलून टाकलं: हा जगला तर याचं जावळ तुझ्याच पायरीशी काढीन, तोवर कात्री लावणार नाही. नवस बोलायला तोंड पुरतं, पण फेडायला नवऱ्याची रजा लागते, हे तेव्हा लक्षात आलं नाही. नवरा हवाई दलात. पहिल्या वर्षी रजा मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी मिळाली तर थोरल्याला गोवर निघाला. पाचव्या वर्षी बदली झाली. आमच्याकडे जावळ विषम वर्षीच काढतात, त्यामुळे एक वर्ष हुकलं की पुढची दोन गेलीच.

त्या केसांचं मी करायचे काय, तर दोन वेण्या घालायचे. आधीच्या गावी पोरं त्याला 'ए मुली' म्हणून चिडवायची आणि तो रडत घरी यायचा. मी त्यालाच ओरडायचे, की देवीचं आहे, सोसायला पाहिजे. चार वर्षांच्या पोराने देवीसाठी काय म्हणून सोसायचं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

बदली झाली ती चंदीगडला. क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून सेक्टर बावीसमध्ये एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालकीण राहायची, साठीची शीख बाई. सगळी गल्ली तिला बीजी म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. तिचा मुलगा, सून आणि लहान नात दिल्लीत होती. नातू मात्र शाळेसाठी तिच्यापाशी होता, धाकट्याच्याच वयाचा. तिकडे लहान मुलाला लाडाने 'काका' म्हणतात. आमच्या दोन्ही पोरांना एका शेंबड्या पोराला काका म्हणायला मिळालं याचा इतका आनंद झाला की त्याचं खरं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

आल्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. मी वर पोळ्या लाटत होते आणि धाकटा वेणी न घालताच खाली पळाला. थोड्या वेळाने जिन्यावरून पाहिलं तर अंगणातल्या बाजेवर दोन पोरं शेजारी शेजारी बसलेली, दोघांचे केस मोकळे, आणि बीजी लाकडी कंगव्याने आळीपाळीने विंचरतेय. केसांना तेल लावून तिने दोघांच्या डोक्यावर मधोमध घट्ट जुडा बांधला आणि वर निळ्या कापडाचा पटका. काकाच्या शाळेच्या पटक्यांतलाच एक तिने धाकट्याला दिला होता. धाकटा आरशासमोर जाऊन उभा राहिला. पहिल्यांदाच तो दुसऱ्या एखाद्या मुलासारखा दिसत होता, आणि तसं दिसून त्याला इतकं बरं वाटलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

मी खाली जाऊन बीजीला मोडक्या हिंदीत सांगितलं, की आम्ही शीख नाही, हे केस देवीला बोललेले आहेत. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "ए तां अमानत ऐ, पुत्त. सांभ के रख." दुसऱ्याची ठेव आहे, जपून ठेव. त्या दिवसापासून रोज सकाळी धाकटा कंगवा घेऊन खाली जायचा. माझी सकाळची वीस मिनिटं वाचली. मी तेवढंच पाहिलं, खरं सांगायचं तर.

पंजाबात जुनी एक रीत होती. काही हिंदू घरांत एक मुलगा शीख म्हणून वाढवायचे, गुरूला द्यायचे. त्यामुळे थोरला उघड्या डोक्याचा आणि धाकटा पटकेवाला अशी आमची जोडी बाजारात दिसली की लोक आपोआप तोच अर्थ लावायचे. भाजीवाला सरदारजी मला 'भैणजी' म्हणून दोन मुळे जास्त घालायचा. मी कधी त्याला म्हटलं नाही, की बाबा, तसं काही नाही. चंदीगडात तेव्हा चौकाचौकात रेतीची पोती रचलेली होती. शाळा कधी बंद, कधी चालू. पंजाबात बस थांबवून हिंदू माणसं वेगळी काढून मारल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. अशा दिवसांत शेजारपाजाराने आपल्याला आपलं मानणं कुणाला नको असतं?

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात पोरांना घेऊन पिंजौरच्या बागेत गेले होते. नवऱ्याला वेळ नव्हता, म्हणून आम्ही तिघंच बसने. परतीच्या बसमध्ये ही गर्दी. एक म्हातारे सरदारजी धाकट्याकडे बघून उठले, त्याला आपल्या जागेवर बसवलं, मग मलाही शेजारी जागा करवून दिली. धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी आशीर्वाद दिला आणि मला म्हणाले, "चंगा कीता, बेटी." चांगलं केलंस. मी हसून हात जोडले. थोरला तेव्हा दहा वर्षांचा. तो बस सुटल्यापासून माझ्याकडे बघत होता. उतरल्यावर म्हणाला, "मम्मी, तुमने झूठ क्यूं बोला?" मी म्हटलं, मी कुठे काय बोलले? आणि ते खरंच होतं. मी एक अक्षर बोलले नव्हते.

थोरला त्या वर्षी ताडासारखा वाढत होता. पँटची दुमड सोडून सोडून संपली, खाली जुन्या दुमडीच्या दोन फिक्या रेघा राहिल्या, तरी घोटे उघडेच. उन्हं कोवळी झाली तशा गल्लीभर बायका गच्चीवर लोकर घेऊन बसू लागल्या. आमच्या सोलापुरात स्वेटर म्हणजे ट्रंकेत ठेवायची वस्तू, मला सुया धरणं ठाऊक नव्हतं. बीजीने शिकवलं. थोरल्याचा स्वेटर उसवून त्याची लोकर धाकट्यासाठी, आणि थोरल्याला नवी, असा तिचा हिशेब. मी घाईघाईने विणायचे, टाके निसटायचे, आणि ती चार ओळी उसवून सुया परत माझ्या हातात द्यायची. मला थांबणं कधी जमलंच नाही. सासूबाई म्हणायच्या, हिच्या हाताला दम नाही आणि जिभेला हाड नाही. त्या गेल्या तेव्हा मला वाटलं होतं, चला, एक टीकाकार कमी झाला. त्यांचंच बरोबर होतं हे त्याच नोव्हेंबरात सिद्ध झालं.

त्या वर्षी धाकट्याला सातवं लागलं होतं. रजेचा अर्ज दिवाळीआधीच दिलेला, नोव्हेंबरच्या मध्याला जायचं, दिल्लीवरून गाडी. तिकिटं काढली होती. बीजीने देवीसाठी लाल ओढणी आणून माझ्यापाशी दिली होती आणि धाकट्याला रोज सांगायची, की आता थोडेच दिवस, मग देवी तिची वस्तू घेऊन जाईल. तो विचारायचा, मग पटका? ती म्हणायची, पटका तुझा.

दिवाळीत मी चकल्या खाली दिल्या. आठवड्याने दिल्लीत पंतप्रधानांची हत्या झाली आणि त्यानंतरचे दिवस आमच्या गल्लीत कुणी मोठ्याने बोललं नाही. दिल्लीत शिखांना घराघरांतून ओढून काढत होते. बीजीचा मुलगा तिथे होता. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता, तिथे ती सकाळपासून स्टुलावर बसून राहायची. फोन लागत नव्हता. काकाचं डोकं विंचरायची, धाकट्याचं विंचरायची, आणि पुन्हा दुकानात जाऊन बसायची. त्या दिवसांतसुद्धा तिने धाकट्याचा जुडा एकदाही चुकवला नाही.

पाचव्या दिवशी निरोप आला की सगळे जिवंत आहेत. त्यानंतर तीन-चार दिवसांनी मुलगा, सून आणि नात घरी आली. मी वरून पाहिलं. मुलगा डोक्यावर टॉवेल घेऊन रिक्षातून उतरला. अंगणात आल्यावर टॉवेल घसरला, आणि खाली केस नव्हते. शेजाऱ्यांनी लपवलं होतं, म्हणाले कापल्याशिवाय वाचणार नाहीस, आणि त्याने कापू दिले. दाढीही नव्हती. काका बापाकडे गेलाच नाही, खांबाआड उभा राहिला. बीजीने टॉवेल उचलून झटकला, मुलाच्या डोक्यावर पुन्हा नीट ठेवला आणि त्याला आत नेलं.

मी घाबरले, ते हे पाहून. हे मी लपवत नाही. एवढ्या दांडग्या माणसाची ही गत, तर माझं पोर डोक्यावर जुडा घेऊन दिल्लीच्या स्टेशनवर कसं उतरवणार? नवरा म्हणाला, "थांब जरा. दिल्ली शांत झालीय म्हणतात. आणि रजेचंच अजून पक्कं नाही, रविवारी संध्याकाळी कळेल, मग ठरवू." रविवारी सकाळी तो कामावर गेला आणि मला संध्याकाळपर्यंत धीर धरवेना.

दुपारी बाराच्या सुमाराला मी धाकट्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि कात्री घेतली. मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली, की केस जपून आणते, पायरीशी ठेवते, समजून घे. देवीला समजावणं सोपं होतं. पोराला समजावलं नव्हतं. मी पटका सोडला. पहिली बट कापली तसा तो किंचाळला आणि माझा हात धरून ओढू लागला. "मत काटो! बीजी गुस्सा होंगे! मैं काका जैसा हूं!"

आमची पोरं मराठी समजायची, पण उत्तर द्यायची हिंदीत. त्यामुळे मीही रागावले की हिंदीत शिरायचे, म्हणजे नीट आत जाईल. तशीच तेव्हा ओरडले, गल्ली ऐकेल इतक्या मोठ्याने: "तू सरदार नहीं है! समझा? सरदार नहीं है तू! मार डालेंगे तुझे!"

खिडकी उघडी होती. खाली अंगणात, उन्हात, बाजेवर बीजी बसली होती. शेजारी टॉवेल घेतलेला तिचा मुलगा आणि काका. बीजीच्या हातात लोकर होती. माझ्या थोरल्यासाठी विणत होती, कारण बाही मला जमत नव्हती. तिने वर पाहिलं. रागाने वगैरे नाही, नुसतं पाहिलं, मग मान खाली घातली आणि टाका पुरा केला. तिचा मुलगा उठून आत गेला.

मी खिडकी लावली. तेव्हा लावली.

उरलेले केस कापताना धाकटा अजिबात रडला नाही. ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं तर हा एवढा पुडा झाला, तेलाचा वास येणारा. मला तो बघवेना. संध्याकाळी नवरा आला, धाकट्याकडे बघून दारातच थांबला आणि म्हणाला, "रजा रद्द. सगळ्यांच्याच." मी हसले की रडले, आठवत नाही. पुडा थोरल्याच्या हातात दिला आणि म्हटलं, फेकून ये बाहेर. देवीला बोललेलं जावळ. मी म्हटलं, फेकून ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा सवयीने कंगवा घेऊन खाली गेला. मी जिन्यावर उभी राहिले, अडवायचं धैर्य झालं नाही. तो बाजेवर आपल्या जागी बसला. काका त्याच्या डोक्याकडे बघत राहिला, मग आपल्या बापाच्या खोलीच्या दाराकडे पाहून त्याने हळूच विचारलं, "तेरे वी ओन्नां ने कट्टे?" तुझेही त्यांनीच कापले?

धाकटा म्हणाला, "नहीं. मम्मी ने."

बीजीने काकाचा जुडा बांधला. मग धाकट्याच्या वेड्यावाकड्या कापलेल्या डोक्यावर दोन थेंब तेल घातलं, चोळलं, आणि त्याला वर पाठवलं. त्यानंतर तो खाली गेला नाही. मी त्याला जा म्हटलं नाही, तिने ये म्हटलं नाही. आठ दिवसांनी थोरल्याचा स्वेटर जिन्याच्या पहिल्या पायरीवर घडी घालून ठेवलेला मिळाला, दोन्ही बाह्यांसकट.

मी माफी मागायला हवी होती. रोज ठरवायचे. खाली जायचे, भाडं द्यायचे, थंडी फार पडलीय म्हणायचे आणि वर यायचे. ती चहा द्यायची, मी प्यायचे. घरात एक माणूस असं बसलेलं, ज्याने फक्त जगायचं म्हणून आपली ओळख कापू दिली. त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडाने सांगणार, की मी घाबरले म्हणून ओरडले? पण सांगायला हवं होतं. भिण्याची लाज नाही वाटत मला, अजूनही नाही. लाज वाटते ती पिंजौरच्या बसची. जागा हवी होती, आशीर्वाद हवा होता, मुळे हवे होते, तेव्हा मी गप्प बसून ते सगळं पदरात घेतलं, आणि भीती वाटली त्या दिवशी खिडकीतून जगजाहीर केलं की हा तुमचा नाही. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, ते हेच.

जानेवारीत क्वार्टर मिळालं. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा बीजी बाहेर आली. तिच्या हातात पांढऱ्या रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, पिन्नी असेल, तिकडचे लाडू. तिने ते माझ्या हातात ठेवलं तर हलकं लागलं. "लै, पुत्त. तेरी देवी दी अमानत."

उघडलं तर केस. विंचरून सरळ केलेले, तेल लावलेले, निळ्या पटक्यात गुंडाळलेले. मी थोरल्याकडे पाहिलं. तो ट्रकच्या चाकाकडे बघत म्हणाला, "मुझसे फेंका नहीं गया. बीजी को दे दिया." दोन महिने तो हे पोटात ठेवून माझ्याशी बोलत होता, जेवत होता, शाळेला जात होता. बीजीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि धाकट्याच्याही. मी वाकून तिच्या पाया पडले. पाया पडणं सोपं असतं, त्यात बोलावं लागत नाही.

बरीच वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले, की त्या दिवशी मी मराठीत ओरडले असते तर तिला काही कळलं नसतं आणि सगळं नीट राहिलं असतं. थोरला आता पन्नाशीला आलाय. मागे एकदा त्याच्यापाशी हे बोलले तर म्हणाला, "आई, तिला नसतं कळलं. पण आम्हाला कळलं असतंच ना." आता तो मराठीत बोलतो.

जावळ पंच्याऐंशीच्या मे महिन्यात निघालं. तुळजापूरला न्हाव्याने धाकट्याचे वाढलेले चार बोटं केस उतरवले. मी रुमालातले केस त्यांच्यासोबत ठेवले आणि बीजीची लाल ओढणी देवीला दिली. नवस फिटला, निदान पुजारी तसं म्हणाला. प्रसाद चंदीगडला नेऊन बीजीला द्यायचा ठरवलं होतं. पण आम्ही परतायच्या आतच पुढच्या बदलीचं पत्र आलं, नवरा एकटाच जाऊन सामान घेऊन आला, आणि प्रसादाची पुडी माझ्या पर्समध्ये राहून तिचा भुगा झाला. पोस्टाने पाठवता आली असती. सोबत दोन ओळी लिहाव्या लागल्या असत्या, म्हणून पाठवली नाही.

पटका मात्र देवीला दिला नव्हता. पायऱ्या उतरून आम्ही सावलीत बसलो, तेव्हा धाकट्याने तो माझ्या पिशवीतून काढला. तुळतुळीत डोकं माझ्यापुढे करून, पाठमोरा बसून त्याने कापड मागे माझ्या हातात दिलं. "मम्मी, बांध दो ना."

मी ते कापड उलटंसुलटं करून पाहिलं. सव्वा वर्ष रोज सकाळी ते माझ्या पोराच्या डोक्यावर बांधलं गेलं होतं, आणि ते कसं बांधतात हे मी एकदाही खाली जाऊन पाहिलं नव्हतं. तो वाट बघत तसाच बसून राहिला.